आधी फळाला सावली

"हलू नको गं, तशीच थांब. तोंड जरा उजेडात कर."

वहिनीच्या, म्हणजे आमच्या मालकिणीच्या, हातात मोबाईल होता आणि माझ्या तोंडाला डाळिंबावर मारायची पांढरी पावडर. जेवणाची सुट्टी होती. मी बागेच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशी उकिडवी बसले होते. ती कधी आली ते कळलंच नाही. ती हलू नको म्हणाली आणि मी हलले नाही. व्हिडिओपेक्षा मला त्याचीच जास्त चीड आहे.

त्या व्हिडिओत आधी तिचा आवाज येतो. "बघा, आमच्या बागेत नवीन जातीचं डाळिंब आलंय." मागं कुणीतरी खिदळतं. मग मी दिसते. कपाळापासून हनुवटीपर्यंत सारवल्यासारखी पांढरी, मध्ये दोन डोळे. आणि मी हसते. खरंच हसते. मालकीण हसली की आपण हसायचं, एवढी शिकवण अंगात मुरलेली होती.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तिच्या स्टेटसला लागला. आमच्या गावात, अंथुर्ण्यात, ज्याच्या ज्याच्याकडे तिचा नंबर होता त्यानं तो बघितला. दळण घेऊन गेले तर गिरणीवाल्याची बायको म्हणाली, "काय गं, पिकलीस का?" मी तिथंही हसले. घरी आल्यावर पीठ डब्यात ओतताना निम्मं खाली सांडलं.

बागेत मी तिला अहोजाहो करते. वयानं ती माझ्यापेक्षा वर्षभर लहान आहे. इथं सांगताना करणार नाही.

पावडर तोंडाला का लावली, ते ऐका. मी खुळी नाही. आमच्याकडं एप्रिलच्या उन्हात डाळिंब भाजतं. फळाच्या एका अंगाला तपकिरी चट्टा पडतो, साल कडक होते, आणि असा माल व्यापारी बाजूला टाकतो. म्हणून पांढरी माती पाण्यात कालवून फळावर फवारतात. वरून झाडांच्या ओळींवर पांढरं पातळ कापड ओढतात, त्याला कव्हर म्हणतात. ते ओढायचं, ताणायचं, तारेला बांधायचं काम आम्हा बायकांचं. आमची दहा जणींची टोळी. हौसाबाई आमची मुकादम. आम्ही दिवसभर फळाला सावली करायचो, कापडाच्या बाहेर उभ्या राहून.

त्या आठवड्यात बागेचा सल्लागार आला होता. मालकाला आम्ही आबा म्हणतो, वहिनी त्यांची थोरली सून. पावडरीची पिशवी दाखवत सल्लागार म्हणाला, "आबा, ही फळाची सनस्क्रीन समजा. वहिनी तोंडाला लावतात ना, तेच काम ही करते." वहिनी लाजल्यासारखं हसली. मी दोन हातांच्या अंतरावर पिंप ढवळत होते. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. तेच काम करते. मग माझ्या तोंडाला का नाही करणार?

माझ्या तोंडावर वांग आहे. दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर, कपाळाच्या मधोमध. सात वर्षांपूर्वी मुलगी झाली तेव्हा आलं. आधी चहाच्या रंगाचं होतं, मग काळपट झालं. लिंबू चोळलं, हळद लावली, कच्चं दूध लावलं. बाजारात एका पार्लरवालीनं डबीतून बिननावाचं क्रीम दिलं, त्यानं महिनाभर तोंड उजळलं आणि मग जे काळं पडलं ते आधीपेक्षा दुप्पट. तेव्हापासून मी ओढणी बांधायला लागले, डोळे तेवढे उघडे ठेवून. लोकांना वाटायचं उन्हासाठी बांधते.

आणि आता खरं दुखणं सांगते. वहिनीलाही वांग आलं होतं. त्याच वर्षी. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच महिन्यातले. तिच्या घरच्या बारशाला मी भांडी घासायला गेले होते. ती पाटावरून उठताना उजेडाकडं वळली आणि तिच्या गालावर मला तोच चहाच्या रंगाचा डाग दिसला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? उकळ्या फुटल्या मनात. वाटलं, चला, एका तरी बाबतीत आम्हा दोघींना एकाच मापानं मोजलं.

वर्षभरात तिचा डाग फिका झाला. दुसऱ्या वर्षी गेला. माझा पसरत राहिला.

मग मी तिच्यावर जळायला लागले. बागेत जाताना वाट त्यांच्या अंगणातून आहे. ती सकाळी ओसरीवर आरसा घेऊन बसायची. दोन बोटं भरून मलम घ्यायची, तोंडाला लावायची, कानाला, मानेला, हाताच्या पाठीला. घाई नाही काही नाही. मग छत्री उघडून गाडीपर्यंत जायची. ओसरीपासून गाडीपर्यंत बारा पावलं आहेत. मी मोजलेली आहेत. बारा पावलांसाठी छत्री! गाडीच्या काचांना वर काळी जाळी. मी डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन त्या काचेत माझंच तोंड बघत पुढं जायची.

भाकरी थापताना मला तिचा गाल दिसायचा. तिच्या पोराला ताप आला असं कानावर आलं, तर पोराचं कसं आहे हे मनात यायच्या आधी यायचं, जागरणानं तिचा डाग परत येईल का? इतकी मी खाली गेले होते. देवळात गेले तरी माझं बरं कर असं म्हणायचं सुचायचं नाही. तिचं परत येऊ दे, एवढंच सुचायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला एकदा म्हटलं, तर तो म्हणाला, "तुला काय पिच्चरमधी काम करायचंय का?"

तर अशी मी. त्या दुपारी पिंपाच्या तळाची पावडर चार बोटांनी घेतली आणि तोंडाला फासली. फळाचं राखते तर माझंही राखेल. दहा मिनिटांत कातडी ओढल्यासारखी झाली. धुवायला उठणार, तेवढ्यात वहिनी आली. पुढचं सांगितलंच आहे.

दोन दिवस तोंडाची सालपटं निघत होती. तिसऱ्या दिवशी वहिनीनं ओसरीवर बोलावलं.

"राग नाही ना आला? गंमत केली मी."

"न्हाय वहिनी. राग कशाचा?"

"हे घे." तिनं अर्धी पिळलेली ट्यूब माझ्यापुढं धरली. "माझी जुनी सनस्क्रीन आहे. तारीख गेलीय हिची. माझ्या स्किनला नाही चालणार, पण तुमच्या कातडीला काय होतंय?"

तिची स्किन आणि माझी कातडी. मला तेव्हाच लागलं ते, पण मी ट्यूब घेतली. दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी. वर म्हणाले, "बरं झालं, वहिनी." कारण सात वर्षं मी त्या ट्यूबकडं बघत आले होते. तिचं तोंड ज्यानं साफ झालं ते आता माझ्या हातात होतं. त्या क्षणी कुणी मला ती ट्यूब जमिनीवरून उचलून घे म्हटलं असतं, तरी मी उचलली असती.

दुसऱ्या दिवशी लावून गेले. दोन बोटं भरून, तिच्यासारखी. ती रंगाची ट्यूब होती, तिच्या रंगाची. माझ्या तोंडावर ती राखेसारखी बसली. दहा वाजता घामाचे ओघळ आले आणि गालावर पट्टे पडले. हौसाबाईनं कापडाचं दुसरं टोक धरलेलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे कुणाचं तोंड लावून आलीस? मान तर तुझी हाय."

सगळ्या हसल्या. हौसाबाईच्या बोलण्यात विष नव्हतं, तिची थट्टा तशीच असते. पण ते मला वहिनीच्या व्हिडिओपेक्षा जास्त लागलं. सात वर्षं मी खरंच दुसरीचं तोंड मागत होते. ते मिळालं, आणि दोन तासांत घामानं वाहून गेलं.

पुढच्या सुट्टीला मी एसटीनं बारामतीला गेले, सरकारी दवाखान्यात. कातडीच्या डॉक्टरबाई माझ्याइतक्याच सावळ्या होत्या आणि तोंडावर एक डाग नव्हता. झालं. बसल्या बसल्या मी त्यांच्यावरही जळले.

"आजवर काय काय लावलंस?"

मी सगळं सांगितलं. लिंबू, हळद, दूध, पार्लरची डबी. वहिनीची ट्यूब. आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, पावडर.

"कसली पावडर?"

"डाळिंबावर मारत्यात ती. ऊन लागू नये म्हणून."

मला वाटलं आता या हसणार. त्यांनी पेन खाली ठेवलं. "डाळिंबाला पावडर लावता, आणि वर काही घालता का?"

"व्हय. कापड असतंय."

"आणि तू कुठं असतेस?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही मला विचारलं नव्हतं. मी वहिनीवर जळत होते, त्याच वेळी माझ्या हातांनी मी रोज हजारो फळांना सावली करत होते. फळावर जळायचं मला सुचलंही नाही.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. वांगाला ऊन वाढवतं, गरमी वाढवते, नुसता लख्ख उजेडही वाढवतो. म्हणून रंग असलेली सनस्क्रीन घ्यायची. तो रंग शोभेचा नाही, गेरूसारखा लोखंडाचा रंग असतो त्यात, तो उजेड अडवतो. ट्यूबवर एसपीएफ पन्नासचा आकडा बघायचा, तारीख बघायची. दोन बोटं भरून तोंडाला आणि मानेला लावायची, घाम आला की टिपून परत लावायची. "आणि तुझ्या रंगाची घे," त्या म्हणाल्या. "तुझ्या. पार्लरची डबी आजच फेकून दे. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असशील तर तेही सांग, त्यानंही वांग वाढतं."

"जाईल का हो?"

"फिकं होईल. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

"आमच्या वहिनींचं गेलं. मालकिणीचं."

"दुपारी कुठं असते ती?"

"घरात."

"मग झालं तर. बारा ते चार तू उन्हात उभी राहणार असशील, तर कितीही भारी ट्यूब घे, वायाच जाईल. आधी सावली, मग सनस्क्रीन."

मला राग आला. "सावली काय मेडिकलात मिळती का, बाई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याकडंही नाही." मग त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पहिल्या मेडिकलमध्ये मी रंगाची सनस्क्रीन मागितली. माणसानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "गोरं व्हायचं क्रीम दाखवू का, ताई?"

"न्हाय. उन्हाचं द्या. रंगाचं."

त्यानं दोन रंग काढले. हाताच्या पाठीवर लावून बघितले. दोन्ही जखमेवरच्या चिकटपट्टीसारखे दिसले.

"ह्याच्याहून काळं न्हाय का?"

मागं दोन पोरी उभ्या होत्या, त्या फिसकन हसल्या. दुकानदारही हसला. "काळं कोण मागतं, ताई?"

"मी मागती," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. जन्मात पहिल्यांदा मी काळं मागितलं होतं. आजपर्यंत मी पैठणी मागितली असेल, पैंजण मागितले असतील, गोरेपणा तर रोज मागितला. स्वतःचा रंग कधी मागितला नव्हता.

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानातल्या मुलीनं मात्र स्टुलावर चढून मागच्या फळीवरून एक खोकं काढलं, त्यावरची धूळ फुंकली. हातावर लावलं, चोळलं, आणि ते दिसेनासं झालं. माझ्या हातावर माझाच रंग राहिला. म्हणजे ही वस्तू होती तर. माझ्या रंगाची, बनवलेली, विकायला आलेली, आणि मागच्या फळीवर धूळ खात पडलेली. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण डोकं तापलं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, उन्हाच्या बाजूची. सवयीनं तिथंच बसले. मग उठले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

माझं माहेर बावड्याकडचं. वडील मेंढरं राखायचे. आता मेंढरं गेली, भाऊ भाजी पिकवतात. पण लहानपणी मी वडिलांबरोबर रानात हिंडलेली आहे. सूर्य डोक्यावर आला की मेंढरं चालत नाहीत. एकमेकींच्या पोटाखाली तोंडं घालून गोल उभी राहतात. वडील मग काठी आडवी ठेवून बसायचे. एकदा एका बागायतदारानं निरोप पाठवला, आत्ताच्या आत्ता मेंढरं रानात बसवायला आण, खत पाहिजे. वडील म्हणाले, "दुपार हाय. उतरली की येतो." तो माणूस मोठा होता, पण वडील उठले नाहीत. मेंढरांना जी दुपार होती, ती मला नव्हती. हे मला एसटीत, अंथुर्ण्याच्या फाट्याच्या अलीकडं कळलं.

दुसऱ्या दिवशी बागेत शेवटच्या तुकड्याचं कापड ओढायचं होतं. आबा लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले. बारा वाजले. मी हातातली गाठ पुरी केली, पिंपाशी गेले, ओढणी सोडली. तोंड धुतलं, टिपलं, ट्यूब काढून दोन बोटं भरून लावली. सगळ्यांच्या समोर. ओढणी बांधायला लागल्यापासून बागेत माझं उघडं तोंड कुणी बघितलं नव्हतं, व्हिडिओत ते पावडरीखाली होतं आणि नंतर वहिनीच्या ट्यूबखाली. मग मी लिंबाच्या सावलीत जाऊन बसले, आबांच्या खुर्चीपासून चार हातांवर.

"काय गं, कुणाचं लगीन हाय का?" आबा म्हणाले.

"न्हाय आबा. दुपार हाय."

"मग?"

"चारपतूर आमी उन्हात न्हाय. सकाळी सहाला येतो, अकराला थांबतो. चारला परत येऊन सातपतूर करतो. तास तेवढंच भरत्यात."

"आन फळं भाजली म्हंजी?"

"फळावर पावडर हाय, आबा. कापड हाय. आमच्यावर काय हाय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते हौसाबाईकडं बघून म्हणाले, "हौसाबाई, हिला ऊन लागलंय बघा."

हौसाबाई कापडाचं टोक धरून उभी होती. तिचं वय साठीला आलेलं. ती नाही म्हणाली असती तर मी एकटी पडले असते. मग तिनं टोक सोडलं, पदरानं मान पुसली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "लागलंय, आबा. आमाला समद्यास्नीच लागलंय."

आणखी तिघी आल्या. पाच जणी कापडापाशीच उभ्या राहिल्या. त्यांची घरं मला माहीत आहेत, मी त्यांना बोल लावत नाही.

आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. छत्री उघडून. "अगं, मी तुला ट्यूब दिली होती ना?"

मी पिशवीतून तिची ट्यूब काढून तिच्या हातात ठेवली. "तारीख गेलीय हिची, वहिनी. तुमच्या कातडीला चालत न्हाय, तर माझ्याबी न्हाय चालत."

तिचं तोंड लाल झालं. दुसऱ्या हातात मोबाईल होताच.

"आता काढा की व्हिडिओ," मी म्हणाले. "तोंड उजेडात हाय."

तिनं काढला नाही.

आबांनी आम्हा पाच जणींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आठवडाभर घरी बसलो. नवरा चिडला, सासू बोलली. मग एका पेरूच्या बागवाल्याला तोडणीला बायका हव्या होत्या. सकाळ-संध्याकाळच येऊ, हे हौसाबाईनं त्याला आधीच तोंडावर सांगितलं. तो कुरकुरला आणि तयार झाला. आबांच्या बागेत दुपारी अजून बायका उन्हात असतात. त्यातल्या आमच्या टोळीतल्या त्या पाच जणी रस्त्यात भेटल्या तर माझ्याशी बोलत नाहीत. मी बोलते. ट्यूब दाखवते, दुकान सांगते, अकरा वाजता काय करायचं तेही सांगते.

वांग गेलेलं नाही. गालावरचं जरा फिकं झालंय, ओठावरचं तसंच आहे. वहिनीची गाडी शेजारून गेली की आजही माझ्या पोटात दुखतं. दुखू दे. आधी वाटायचं, तिच्या गालावरचा डाग परत यावा. आता मला तिचा गाल नको, तिची दुपार पाहिजे. आणि ती मागताना मी दोन्ही हात पुढं करणार नाही.

तो व्हिडिओ अजून कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आहे. माझ्या मुलीनंही बघितला. ती म्हणाली, "आई, तू का थांबलीस?" मी तिला खरं सांगितलं. हलू नको म्हणाली म्हणून थांबले.

आता अकरा वाजले की मी हलते. मालक बोलत असला, तरी हलते.